‘माझं नाव माझ्या मुलीच्या नावात नको’

मी समुपदेशन करते. नावाची तक्रार घेऊन माझ्याकडे थेट कोणी येत नाही. झोप लागत नाही, नवऱ्याशी सारखे खटके उडतात, मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, असं काहीतरी निमित्त असतं. मग दोन-चार भेटींनंतर, बोलता बोलता, नाव निघतं. “माझं नाव द्वारका आहे, पण कोणाला सांगत नाही.” “अनसूया हे काय नाव आहे का आजच्या काळात?” “भागीरथी म्हटलं की समोरच्याला वाटतं, नऊवारी नेसलेली बाई येणार.” सांगणाऱ्या मुली विशी-तिशीतल्या, शिकलेल्या, कमावत्या. घरच्यांना ही तक्रार फालतू वाटते, त्यामुळे मुलींनाही ती बोलून दाखवायचा संकोच वाटतो. मला ती कधीच फालतू वाटली नाही. दिवसातून दहा वेळा जे कानावर पडतं आणि प्रत्येक वेळी आत कुठेतरी बोचतं, त्याला फालतू कसं म्हणायचं?

इथे एकीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. गाव, नोकरी आणि घरचे बाकी तपशील बदललेत. नाव मात्र तेच ठेवा, असं तिनेच सांगितलं.

यमुना हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करते. ऑफिसात ती ‘याना’. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीतरी नाव विचारलं, तिने याना सांगितलं आणि तेच रुळलं. माझ्याकडे आली तेव्हा मुलगी साडेतीन महिन्यांची होती. चिडचिड, रडू, रात्री बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नव्हता. बाळंतपणानंतरचं नैराश्य तर नाही ना, हे आधी पाहिलं, तिच्या डॉक्टरांशीही बोलले. (नव्या आईच्या बाबतीत ही पायरी कधीच गाळू नये.) तसं काही निघालं नाही. पण एक गोष्ट राहून राहून बोलण्यात येत होती. बाळाचं नाव ठरलं होतं, बारसं झालं होतं, तरी महापालिकेत नाव नोंदवायचा फॉर्म घरात तसाच पडून होता. नवरा रोज विचारायचा आणि रोज भांडण व्हायचं.

कारण होतं नवा नियम. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. जन्मनोंदीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत हाच क्रम. कितीतरी आयांना या निर्णयाचा मनापासून आनंद झाला. यमुनेची मात्र झोप उडाली.

“आईचं नाव यायलाच हवं, मला पटतं ते,” ती म्हणाली. “फक्त हे नाव नको.”

“आलं तर काय होईल?”

“शाळेत हजेरीला पूर्ण नाव वाचतील. मुलं हसतील.”

“हसली तर?”

“मला हसायचे तसंच. यमी. यमाची बहीण. रेडा कुठे बांधलास गं, असं विचारायचे. चौथीपासून दहावीपर्यंत.”

“आणि मग?”

ती बराच वेळ मोबाइलच्या कव्हरची कड नखाने उचकटत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “मग तिला माझी लाज वाटेल.”

गाठ इथे होती. नावाचा उच्चार, नावाचं वय, हसणारी मुलं, हे सगळं वरवरचं. आपण जुनाट आहोत, आपण कमी आहोत आणि आपल्या नावावरून ते सगळ्यांना कळतं, हे या मुलीने दहा वर्षांची असताना मनाशी पक्कं केलं होतं. आता तोच निकाल आपली मुलगी आपल्याबद्दल देणार, अशी तिची खात्री झाली होती.

मी ज्या विचारपद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. १९५५ पासून त्यांनी ती मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं सार एवढंच की प्रसंग आपल्याला जेवढा छळत नाही, तेवढं त्या प्रसंगाबद्दल आपण धरून ठेवलेलं मत छळतं. मला अमुक आवडतं, ही इच्छा झाली. अमुक असलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, ही अट झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं आणि ते ओसरतं. अट मोडली की माणूस स्वतःवर तुटून पडतो. मला माझं नाव आवडत नाही, एवढंच असतं तर यमुना सुखाने जगली असती.

मी तिला एक साधा अभ्यास दिला. जिथे ओळखीचं कोणी नाही तिथे पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. त्या आठवड्यात ती फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलाने कपावर लिहायला नाव विचारलं. तिने सांगितलं, “यमुना.” तळहाताला घाम सुटला होता म्हणे. मुलाने मान वर न करता विचारलं, “वाय की जे?” थोड्या वेळाने सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक आली, “यमुना, एक कोल्ड कॉफी!” एकानेही वळून पाहिलं नाही. पाहतील याची ती वाट बघत होती, तरीही नाही. पुढे दवाखान्यात, बँकेत, सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत तिने तेच केलं. धडधड कमी होत गेली.

दुसरा अभ्यास तिला जड गेला. हे नाव का ठेवलं, हे वडिलांना विचारायचं. तिने ते कधीच विचारलं नव्हतं. आजीच्या काळचं नाव माझ्या गळ्यात बांधून मोकळे झाले, असं ती बत्तीस वर्षं धरून चालली होती. वडील आधी “असंच” म्हणाले. दोन दिवसांनी रात्री त्यांनी स्वतः फोन केला.

आजीचं माहेरचं नाव यमुना. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं गेलं आणि त्या क्षणापासून ती सुशीला झाली. तिला कोणी विचारलं नाही. भाऊ तेवढा यमू म्हणायचा. वर्षातून एकदा, भाऊबीजेला यायचा आणि ओवाळून घेऊन निघताना दारातून म्हणायचा, “यमू, येतो गं.” यमुनेच्या जन्माच्या आदल्या वर्षी तो गेला. वडील फोनवर म्हणाले, “आई एकदाच बोलली. म्हणाली, आता मला यमू म्हणणारं कोणी राहिलं नाही. पुन्हा विषय काढला नाही तिने. तुझ्या बारशाला मी आत्याला सांगितलं, हेच नाव ठेव. म्हटलं, घरात ऐकू तरी येऊ दे तिला.”

भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतात, कारण पुराणकथेत त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला होता. ‘यमाची बहीण’ म्हणून ज्या नावावरून नातीला वर्गात रडवलं, त्याच नावासाठी आजी वर्षभर भाऊबीजेची वाट बघायची. आजी तिला कधी यमी म्हणत नसे, हे यमुनेला तेव्हा आठवलं. ओट्यापाशी उभी राहून पूर्ण हाक मारायची, य-मु-ना, सावकाश. आपण दूर आहोत म्हणून ओरडते, असं तिला वाटायचं.

“बायकांची नावं अशी पुसून टाकायचे आणि कोणाला काही वाटायचं नाही?” तिने मला विचारलं. मी तिला आपल्याच शहराचा इतिहास सांगितला. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. १८७३ मध्ये लग्न झालं आणि त्या रमा झाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुना. धोंडो केशव कर्व्यांशी १८९३ मध्ये ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई, लग्नानंतर आनंदीबाई. या तिघींचं काम आपण शाळेत शिकतो, पण आईवडिलांनी ठेवलेली त्यांची नावं सहसा कोणाला आठवत नाहीत. यमुनेने या तिघींबद्दल कुठे काय वाचता येईल ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

वाचणाऱ्याला वाटेल, वडिलांचा फोन आला आणि प्रश्न सुटला. तसं होत नाही. पुढच्या भेटीत ती आली ती जास्तच खचून. “मॅडम, मी किती स्वार्थी आहे. आजीचं नाव आहे हे. आता मला ते आवडायलाच पाहिजे.”

मी ते वाक्य तिथेच थांबवलं. एक अट सुटते न सुटते तोच तिने दुसरी डोक्यावर घेतली होती, आणि ही प्रेमाची असल्यामुळे पहिलीपेक्षा अवघड होती. अशा वेळी घरचे सगळे खूश होतात. मुलीला नावाची किंमत कळली म्हणतात आणि विषय संपवतात. मुलगी मात्र आता तक्रारही करू शकत नाही.

“आजीवर प्रेम होतं ना तुझं?” मी विचारलं.

“खूप.”

“तिच्या हातचं सगळं आवडायचं?”

तिने जरा विचार केला. “अळूचं फतफतं नाही आवडायचं. अजूनही नाही आवडत.”

“मग प्रेम कमी पडलं का?”

ती हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच इतकं मोकळं हसली. मग हसता हसता रडली, डोळे पुसले आणि एकदम शांत, स्वच्छ आवाजात म्हणाली, “मला यमुना हे नाव आवडत नाही. मी आजीची लाडकी नात आहे.” थोडं थांबून, “दोन्ही खरं आहे.”

इतक्या वर्षांच्या कामात अशी वाक्यं फार थोड्या वेळा ऐकायला मिळतात, आणि त्यांच्यासाठीच मी हे काम करते. नाव आवडून घ्यायची सक्ती उठली, तशी नावाची भीतीही उठली. मुलीला लाज वाटेल का, हा प्रश्न मी पुन्हा काढला तेव्हा ती म्हणाली, “वाटली तर वाटेल. मलाही आईच्या साड्यांची वाटायची. मी तिला आजीची गोष्ट सांगेन, पुढचं तिचं तिने ठरवावं.” त्याच आठवड्यात फॉर्म भरला गेला.

आता ज्यांना हाच प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी थोडं.

नाव आवडत नसेल तर आधी स्वतःला विचारा, हे नाव ऐकून लोक माझ्याबद्दल नेमकं काय ठरवतील असं मला वाटतं? जे उत्तर येईल, त्यावर काम करा. नाव नंतर बदलता येतं. कायद्याची काही आडकाठी नाही. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यायचा, मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँक अशा प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करायचा. कटकटीचं आहे, पण होतं. माझा आग्रह एवढाच असतो की लाजेच्या भरात बदलू नका. लाज नव्या नावातही सोबत येते. एकीने नाव बदलल्यावर जुनं नाव कोणाला कळेल या धास्तीने शाळेतल्या मैत्रिणी तोडल्या, हे मी पाहिलंय. धास्ती गेल्यावरही नाव नकोसं वाटलं तर खुशाल बदला, मी शुभेच्छा देईन.

मुलीला शाळेत नावावरून चिडवत असतील तर “किती छान नाव आहे तुझं” म्हणून तिला गप्प करू नका. तिचं म्हणणं आपल्याला ऐकायचं नाही, असं तिला वाटतं. कोण काय म्हणतं, तेव्हा तू काय करतेस, हे शांतपणे विचारा. रोजचंच झालं असेल तर वर्गशिक्षिकांना भेटा. चौथी ते दहावी हा फार मोठा काळ आहे.

पणजीचं नाव नातीला द्यायचा आग्रह करणाऱ्या आजी-आजोबांना मी हात जोडून सांगते, आग्रह करू नका, गोष्ट सांगा. ऐकून आई-बाप आपणहून ते नाव घेतील किंवा पाळण्यातलं नाव म्हणून ठेवतील, नाहीतर नाही घेणार. घाईही नसते. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवाय होते, नाव नंतर १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं आणि विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. आणि लग्नात सुनेचं नाव बदलायची हौस असेल तर तांदूळ ताटात ओतण्याआधी तिला एकांतात विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर ती हो म्हणणारच. कायद्याने तिला नाव बदलावं लागत नाही, माहेरचं पहिलं नावही नाही आणि आडनावही नाही.

यमुना ऑफिसात अजून याना आहे. तिला ते नाव आवडतं आणि त्यासाठी आता तिला कोणालाही कारण द्यावंसं वाटत नाही. राजपत्राचा अर्ज तिने केलेला नाही. करणार नाही, असंही ती म्हणालेली नाही. पासपोर्टचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. बदलायचं ठरलंच तर सगळे कागद तेव्हा एकदमच करायचे, एवढं नवरा-बायकोत ठरलंय.