धनगर लोकर फुकट देतायत. घरी आणावी का? आणून तिचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की निफाडकडे तुमच्या वावरात दरवर्षी मेंढ्या बसतात, यंदा धनगरांच्या वाड्यावरच्या, म्हणजे तळावरच्या, मंडळींनी कातरलेली लोकर तशीच घेऊन जा म्हटलं, आणि घरी सासूबाई घाण होईल म्हणून नको म्हणतायत. आणा. फक्त पोतं बांधून तुमच्या दारात येईपर्यंत थांबू नका. कातरणीच्या दिवशी स्वतः वाड्यावर जा आणि लोकर तिथेच निवडा. पुढचं सगळं त्या एका दिवसावर ठरतं.

आम्ही सिन्नरच्या पूर्वेकडचे, कोरडवाहू. पहिल्या वर्षी मालकांनी दोन गच्च पोती आणली आणि कांद्याच्या चाळीत कोपऱ्यात ठेवली. पंधरा दिवसांनी तोंड सोडलं तर आत ऊब धरलेली, लेंड्या आणि मूत लागलेली लोकर पिवळी पडलेली, वासानं उभं राहवेना. तरी वरची चांगली म्हणून ठेवली, तिला कसर लागली. सगळी उकिरड्यावर गेली. खराब लोकर चांगलीला सोबत घेऊन जाते हे तेव्हा कळलं.

आपल्याकडच्या मेंढ्या दख्खनी. वर्षातून दोनदा कातरतात, आणि एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो भरते. कातरणारा एकेक मेंढी सोडत जातो तसं तुम्ही शेजारी गोणपाट अंथरून बसा. पाठीवरची आणि खांद्यावरची लोकर घ्या. पोटाखालची, मांड्यांची, शेपटीजवळची वेगळी काढा. गोखरू आणि कुसळं तिथेच वेचा, धुतल्यावर ती जास्त घट्ट बसतात. काळी, पांढरी, भुरी वेगवेगळी ठेवा. काळ्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही, आणि जुन्या घोंगडीचा तो काळा उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकलेला मी पाहिलाय. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ते मिळालं तर दुसऱ्या कशात मिसळू नका, त्याच्याइतकी मऊ लोकर दख्खनी मेंढी पुन्हा देत नाही.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. मेलेल्या मेंढीची लोकर कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका. फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) जंतू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. पूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांत लोकर निवडणारे कामगार याच रोगानं मरायचे, त्याला नावच लोकर निवडणाऱ्यांचा रोग असं पडलं होतं. निवडताना नाकातोंडाला पदर बांधा, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. पोरांना धुऊन होईपर्यंत लांब ठेवा. गोचीड निघतात, म्हणून आणल्यावर दिवसभर उन्हात पातळ पसरायची, अंगणात, घरात नाही.

धुण्यात माझी दुसरी चूक झाली. गोधडी धुवावी तशी लोकर चोळली, ढवळली, गरम पाण्यातून काढून थेट हौदाच्या गार पाण्यात टाकली. तिचा नमदा झाला, बोटानं सुटेना. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओली गरम लोकर हलवली की ते एकमेकांत अडकतात. धनगरांचं जेन, म्हणजे न विणता दाबून केलेलं लोकरीचं अंथरूण, याच गुणावर बनतं, पण ते मुद्दाम करायचं काम आहे. आता मी असं करते: आधी रात्रभर नुसत्या गार पाण्यात भिजत घालते. त्या पाण्यात मेंढीच्या घामाचे क्षार उतरतात, त्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतं, म्हणून ते शेवग्याला घालते. मग हात ठेववणार नाही इतक्या गरम पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर दाबून बुडवते आणि अर्धा तास सोडून देते. कोमट पाण्यात तेलकटपणा सुटत नाही, तो मेणासारखा असतो. पाणी पार गार व्हायच्या आत काढायची, नाहीतर तेच मेण परत बसतं. नंतरचं पाणीही तितकंच गरम. पिळायची नाही, टोपलीत निथळू द्यायची आणि खाटेवर सावलीत वाळवायची. हिवाळ्यात आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यावर दोन दिवसांत वाळते. पावसाळ्यात या फंदात पडू नका.

उपयोगाचं म्हणाल तर स्वेटरची आशा ठेवू नका. ही लोकर जाड असते, अंगाला टोचते. हातानं पिंजून उशा, गादी, गोधडीचं भरण उत्तम होतं. आमच्या म्हाताऱ्यांसाठी केलेली गादी थंडीत जमिनीचा गारवा वर येऊ देत नाही. ठेवताना कापडी पिशवीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवा. घोंगडी करायची तर चाती किंवा चरख्यावर सूत काढणारं कुणी हवं, मग सणगर किंवा खुटेकर विणकर, मग चिंचोक्याची खळ. हे हात आता कमी उरलेत. वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, कुणाचा हात अजून चालतो ते तिला माहीत असतं.

वेगळी काढलेली पोटाखालची लोकर टाकू नका. स्वच्छ लोकरीत नत्र साधारण 16 टक्के असतं आणि ती हळूहळू कुजते. मी चार लिंबांच्या आळ्यात अंथरून वर माती ओढली, उन्हाळ्यात तिथली ओल इतर झाडांपेक्षा जास्त दिवस टिकली. द्राक्षाच्या दोन-चार वेलींना आधी करून बघा, एकदम बागभर नको.

आणि फुकट घेऊ नका. ते फुकट देतायत कारण लोकरीला भाव नाही, कातरणाराची मजुरीसुद्धा निघत नाही, म्हणून ती बांधावर टाकून वाडा पुढं जातो. मला ते बघवत नाही. ज्यांच्या मेंढ्यांच्या लेंडीवर आपली वावरं पिकली त्यांच्या लोकरीला कुणी चार पैसेही देऊ नयेत? मेंढ्या बसवायचं धान्य आम्ही देतोच, लोकरीचे दोन पायली बाजरी आणि कातरणाराची त्या दिवसाची मजुरी वेगळी देते. पुढच्या वर्षी जावळ आधीच बाजूला काढून ठेवलेलं असतं.

पहिल्या वर्षी दोन किलोच आणा, आठ-दहा मेंढ्यांची होईल. धुणं अंगणाबाहेर करा. वाळली की सासूबाईंच्या हातात द्या, वास गेलेला असतो.