आधी प्रवाह बंद करून बघ

प्रिय मित्रा,

रक्तवाहिनीभोवती बसवून रक्ताचा प्रवाह मोजायचा तुझा कफ, म्हणजे सेन्सरचा पट्टा, पहिल्या दिवशी प्रयोगाच्या नळीवर सुरेख ठोके दाखवत होता. सलाईनमध्ये राहून त्याचे आकडे भरकटले, म्हणून आता सिग्नल बाहेर पाठवणारी कॉइल मोठी करायची म्हणतोस. नको. सिग्नल जोरात येईल, खरा येणार नाही. पंप चालू असतानाचे ढीगभर आलेख पाठवलेस, प्रवाह थांबवून घेतलेला एकही नाही. आधी प्रवाह बंद करून बघ.

तोही दोन्हीकडून, वेगवेगळा. नळी कफच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, चिमट्याने दाबली की ठोके जातात आणि सगळे खूश होतात. आता पलीकडे दाब. प्रवाह शून्य, तरी ठोके चालूच! दाबाची लाट बंद टोकापर्यंत पोचते, भिंत फुगते, आणि तुझा कफ नेमकं ते फुगणं मोजतो, वाहणं नाही. गुठळी कफच्या पुढे झाली तर तो डॉक्टरांना सगळं ठीक असल्याचंच सांगत राहील. फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा बिनबॅटरीचा सेन्सर अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर झाला, पण तोही दाबाचाच. दाबाला प्रवाह म्हणू नकोस.

डॉप्लरकडे, म्हणजे वाहत्या कणांवरून परतणाऱ्या अल्ट्रासाउंडच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकावरून वेग काढण्याकडे, वळलास तरी सुटका नाही. 20 मेगाहर्ट्झ, 60 अंशांचा कोन, सेकंदाला 30 सेंटिमीटर वेग धरला तर सुमारे 3.9 किलोहर्ट्झचा फरक मिळतो. भोवती तंतुमय ऊती वाढून कोन 65 झाला, की वेग तोच असूनही आकडा 15 टक्क्यांनी घसरतो. (नळीत नुसतं ग्लिसरीन-पाणी असेल तर प्रतिध्वनी येणार नाही, बारीक नायलॉनचे कण मिसळ.)

आता भरकटणं. कफवरच्या जलरोधक थराचा, म्हणजे पॅरिलीन-सीचा, डायइलेक्ट्रिक स्थिरांक 3 च्या आसपास, पाण्याचा 75 च्या जवळपास. हा स्थिरांक जितका मोठा तितका विद्युतभार जास्त साठतो, म्हणून थराखाली ओल शिरली की कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) वाढतो. तो 1 टक्का वाढला की रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी, जिच्यावरून तू आकडा वाचतोस, अर्धा टक्का उतरते. आधी सोल्डरचे सांधे आणि कडा तपास, थर सुटतो तो बहुधा तिथेच. थर देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं आणि थर घट्ट धरून ठेवणारा सिलेन प्राइमर टाळू नकोस.

एकाच भांड्यात 37 अंशांवर तीन नमुने ठेव: एक वाहत्या नळीवर, एक बंद नळीवर, एक काचेच्या कांडीवर. कांडीवरच्या कफचा आकडा सरकला तर दोष थराचा किंवा तापमानाचा, नळीचा नाही. घसरण सॉफ्टवेअरने दुरुस्त करण्याचा विचार त्यानंतर.

माझ्या या हट्टापायी काम रखडतं, असं मला ऐकवतात. रखडू दे. कफ शरीरात गेल्यावर शून्य तपासायला तुला चिमटा लावू देणार कोण? म्हणून आत्ताच, टेबलावरच, प्रवाह बंद करून बघ.

ते आलेख पाठव. सोबत कफचा आतला आणि नळीचा बाहेरचा व्यास लिही. सैल कफ आणि आवळलेला कफ यांचे आलेख मला एकाच मापाने वाचता येणार नाहीत.