चिनी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात इंग्रजी लेखनाचा वर्ग सुरू करायचा आहे. सुरुवात व्याकरणापासून करू की निबंधापासून?

चीनमधलं विद्यापीठ, दुसऱ्या वर्षाची ४५ मुलं, आठवड्याला एकदा ९० मिनिटं आणि पुस्तक ठरलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते व्याकरण आणि निबंध दोन्ही थोडे थांबू शकतात. आधी तपासणीचा हिशेब मांडा.

२०० शब्दांचा एक कागद नीट वाचून शेरा लिहायला ८ मिनिटं धरली तर ४५ कागदांना ६ तास लागतात. दर आठवड्याला नवा विषय दिलात तर महिन्याभरात तुम्ही नुसते गुण टाकू लागाल, आणि मुलांना ते लगेच कळतं. म्हणून सत्रभरात विषय चारच घ्या, पण प्रत्येक तीनदा लिहून घ्या. सत्र १६ आठवड्यांचं असलं तरी १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि शेवटची परीक्षा वजा जाता हाती १४ धरा. सुट्टीच्या बदल्यात कधी शनिवारी-रविवारी तास लागतात. ते वर्गाच्या वीचॅट (चीनमधलं व्हॉट्सॲपसारखं ॲप) गटावर कळतं, तेव्हा त्या गटात पहिल्याच दिवशी शिरा.

मुलांच्या डोक्यात असते सीईटी-४. आपल्याकडची प्रवेशाची सीईटी नव्हे; ही चीनमधली देशव्यापी कॉलेज इंग्लिश टेस्ट, एकूण ७१० गुणांची. तिच्यात ३० मिनिटांत १२० ते १८० शब्द लिहायचे असतात. अशा परीक्षेत दुसरा खर्डा नसतो आणि वाचक म्हणजे गठ्ठे उपसणारा परीक्षक. मग पाठ केलेले साचे येणारच: ‘विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’. त्यांची टर उडवू नका, त्यांनीच मुलांना गुण मिळवून दिलेत. त्याऐवजी पहिलं वाक्य खोडायला सांगा आणि विचारा, काय हरवलं? बहुतेकदा काहीच हरवलेलं नसतं. ‘मेनी एक्सपर्ट्स’ दिसलं की समासात एवढंच लिहा: कोणते?

पहिल्या तासाला मोबाइल बाजूला ठेवून, कागदावर, ३० मिनिटं लिहून घ्या. विषय साच्यात न बसणारा हवा. ‘इंटरनेट चांगलं की वाईट’ नको. ‘वसतिगृहातून तुमच्या आवडत्या खानावळीपर्यंत कसं जायचं आणि तिथे काय मागवायचं, हे नवख्या माणसाला सांगा’ चालेल. कागदावर नाव चिनी लिपीत आणि सोबत विद्यार्थी क्रमांक घ्या, कारण रोमन लिपीत दोन वेगळी नावं हमखास एकसारखी दिसतात. या कागदांना गुण देऊ नका. नुसते तीन ढीग करा: वाक्यं तुटणारे, काळ घसरणारे, आणि शुद्ध पण पोकळ. तिसरा ढीग सर्वांत अवघड असतो. ही मुलं स्वतःला पारंगत समजतात.

पहिले तीन आठवडे मी स्वल्पविरामावर घालवेन. चिनीत एक विचार पुरा होईपर्यंत उपवाक्यं स्वल्पविरामांनी जोडत जाता येतात. पूर्णविराम येतो तो विचार संपल्यावर. ‘पाऊस आला, छत्री विसरलो, बस चुकली, तासाला उशीर झाला’ हे मराठीतही खटकत नाही, त्यामुळे आपल्याही नजरेतून ही चूक निसटते. इंग्रजीत मात्र पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं चूक ठरतं. सराव १५ मिनिटांचा: काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाला गोल, त्याच्या कर्त्याखाली रेघ. दोन जोड्यांमध्ये नुसता स्वल्पविराम असेल तर पूर्णविराम द्या, जोडशब्द घाला किंवा एका क्रियापदाचं रूप बदला. सगळीकडे ‘अँड’ घालायला बंदी, नाहीतर मुलं तीच पळवाट धरतात.

‘ऑलदो’नंतर ‘बट’ येतो तो चिनीतल्या ‘स्वेइरान–दानश’ या जोडीमुळे. आपल्या ‘जरी–तरी’चीच ही बहीण, एकदा फळ्यावर दाखवली की पुरे. काळाचं मात्र लांबतं. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. वाक्यात ‘काल’ आलं की काम भागतं. मुलं ‘ल’ हा प्रत्यय म्हणजेच भूतकाळ असं धरून चालतात, पण तो क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो. ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदं आठव्या आठवड्यापर्यंत सोडून द्या. तीही चूक सतत दिसेल, पण एका खर्ड्यात दोनच प्रकारच्या चुका दाखवायच्या. पान लालेलाल झालं की मूल फक्त तुमच्या दुरुस्त्या उतरवून काढतं.

एकमेकांचं लिखाण तपासायला दिलंत की सगळीकडे ‘व्हेरी गुड’ येतं, कारण वर्गमित्राला सगळ्यांदेखत खाली पाहायला लावायचं नसतं. म्हणून मत मागू नका, काम द्या: दोनदा वाचावं लागलेलं वाक्य अधोरेखित करा आणि लेखकाला एक प्रश्न लिहा. चारचे गट करा, सत्रभर तेच ठेवा. ‘समजलं का?’ विचारण्यातही अर्थ नाही, उत्तर ‘हो’च येतं, शेवटच्या ३ मिनिटांत न समजलेली एक गोष्ट चिठ्ठीवर मागा, नाव न लिहिता.

यंत्राने केलेलं भाषांतर सरसकट बंद करता येणार नाही. आराखडा चिनीत करू द्या, वाक्यं नकोत. पहिला खर्डा वर्गात हाताने. दुसरा घरी, पहिल्याला टाचून, बदल अधोरेखित करून. पहिला खर्डा टाचलेला नसेल तर कागद घेऊच नका. गूगल डॉक्स आणि जीमेल चीनच्या मुख्य भूमीत सहज उघडत नाहीत, तेव्हा टेन्सेंट डॉक्स किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रणाली वापरा. टंकलेखनात चिनी कळफलकाचा रुंद स्वल्पविराम इंग्रजीत घुसतो आणि पुढची जागा सुटत नाही. विरामचिन्हांसाठी कळफलक इंग्रजीवर आणायचा, हे एकदा करून दाखवा.

चार विषयांचा क्रम मी असा ठेवेन: वाट सांगणं, वस्तूचं किंवा जागेचं वर्णन, लेखाचा गोषवारा, शेवटी ४०० शब्दांत मत. मध्ये कधीतरी ईमेलला १० मिनिटं द्या. ‘डिअर टीचर’ हे चिनी ‘लाओश’चं भाषांतर, आपल्या ‘सर’सारखंच; ते उद्धट नाही, पण परदेशी प्राध्यापकाला विचित्र वाटतं. विषयाची ओळ रिकामी सोडायची सवयही इथेच मोडा.

रोजच्या कामाला किती टक्के आणि अंतिम परीक्षेला किती, हे विभागाच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात विचारा. तुमचे खर्डे रोजच्या कामात मोजले जाणार नसतील, तर तिसरा खर्डा कुणी मनापासून लिहिणार नाही.