शुक्रवारचे पोहे

‘मार्था, इंदूर’ अशी सही असलेलं एक पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

“मावशी, सप्रेम सलाम.

माझं माहेर नगरचं, सासर इंदूरचं. लग्नाला 19 वर्षं झाली. मुलगी बारावीला, मुलगा आठवीत. हे एका शाळेच्या ऑफिसात आहेत. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. 5 वर्षांपूर्वी मोठ्या दुखण्यातून उठले आणि तेव्हापासून प्रभूच्या कामाला लागले. दर शुक्रवारी संध्याकाळी 7 वाजता आमच्याकडे मराठी प्रार्थनासभा असते. आमच्या मंडळीची रविवारची उपासना हिंदीत, त्यामुळे मराठीत गाणं होतं ते एवढंच. 20-25 माणसं येतात. नंतर पोहे आणि चहा. मी 4 वाजल्यापासून ओट्याशी असते, शेवटचा कप विसळून होईतो साडेदहा वाजतात. या 5 वर्षांत पहिल्या गीतापासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत मी एकदाही बसलेले नाही.

मध्यंतरी म्हटलं, नुसता चहा ठेवू, नाहीतर सभा पाळीपाळीनं घरोघरी घेऊ. हे म्हणाले, ‘ही सेवा आहे. मार्थेसारखी कुरकुर करू नकोस.’ मग बायबलमधलं इफिसकरांस पत्र काढून, स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं ते वचन वाचून दाखवलं. पगार झाला की पहिला दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, बाजूला निघतो. मुलीच्या कोचिंगचा हप्ता यावेळीही चुकला, तो मी शिवणाच्या पैशातून भरला.

मागच्या शुक्रवारी बाहेरून एक गीत ऐकू आलं. आई पीठ मळताना म्हणायची ते. मी झारा हातात घेऊनच दारात जाऊन उभी राहिले. यांचं लक्ष गेलं आणि यांनी अंगठा ओठांशी नेऊन ‘चहा’ अशी खूण केली. त्या रात्रीपासून माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? हा माझा वधस्तंभ समजून उचलू, की पाळकसाहेबांना सांगू? कोणी मदतीला ओट्यापाशी आलेलं मला चालत नाही, हेही खरं.”

प्रिय मार्था,

विश्वास आटलेली बाई झारा हातात घेऊन दारात धावत नाही. तेव्हा तो प्रश्न इथेच मिटला.

तुझ्या यजमानांनी मार्थेचं नाव काढलं ते एका परीनं बरं झालं. बायबलात लूकच्या 10व्या अध्यायातली ती गोष्ट मी स्वतः महिला मंडळात कितीदा सांगितली असेल! मरीया प्रभूच्या पायाशी बसली, तिची बहीण मार्था कामात गुरफटली, प्रभूनं तिला समजावलं. तेव्हा बायांनो, मरीया व्हा. एकदा असं सांगून झाल्यावर मागच्या सतरंजीवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “मग त्या दिवशी जेवण केलं कोणी?” सगळ्या हसल्या, मीही हसले. उत्तर मात्र मला आलं नाही. घरी येऊन बायबल उघडलं तर लूकनंही ते लिहिलेलं नाही.

पण त्या रात्री मी पुढे वाचत गेले. योहानाच्या 11व्या अध्यायात या दोघींचा भाऊ लाजार मेलेला आहे, घर माणसांनी भरलंय, आणि प्रभू आल्याचं कळताच त्याला सामोरी जाते ती मार्था. ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ हे प्रभूचा शिष्य पेत्र याच्या तोंडचं वाक्य आपण सगळे पाठ म्हणतो. जवळजवळ तेच वाक्य तिथे, 27व्या वचनात, मार्थेच्या तोंडी आहे. मंडळीचा अख्खा पाया ज्या कबुलीवर सांगतात ती या कामसू बाईनं रस्त्यात उभी राहून दिली. तिच्या कुरकुरीचं म्हणशील, तर तीसुद्धा तिनं शेजारणीकडे केली नाही, थेट प्रभूकडे केली. त्यानं तिला गप्प बस म्हटलं नाही; ‘मार्था, मार्था’ अशी दोनदा नावानं हाक मारली. तुझी सही बदलू नकोस.

आता पोहे. तू हसशील, पण तुझ्या पत्रातली निम्मी गाठ पोह्यांत आहे असं माझं ठाम मत आहे. तू नगरची. तू कांदेपोहे करत असणार, तेही माणसं उठायच्या वेळी, गरमागरम. म्हणजे बाहेर शास्त्रपाठ चालू असताना तू कांदा परतणार, आणि ऐन प्रार्थनेच्या वेळी पोहे परातीतून कढईत पडणार. इतकी वर्षं इंदुरात राहून इथल्या ठेल्यावर कधी नीट पाहिलं आहेस का? खाली पाण्याचं भगुनं उकळतंय, वर पोह्यांची परात झाकलेली. पोहे वाफेवरच राहतात आणि तासाभरानंही मऊ लागतात. कांदा असतो तो वरून, कच्चा. पोहे 2 किलोच्या आत-बाहेर घ्यायचे, सहाला धुवून चाळणीत निथळत ठेवायचे, मीठ-साखर-हळद लावायची, मोहरी-बडीशेपेची फोडणी द्यायची आणि सात वाजायच्या आत परात वाफेवर चढवून आच मंद करायची. शेव, जिरावन मसाला, कांदा, लिंबाच्या फोडी वेगवेगळ्या वाट्यांत. मग दीड तास स्वयंपाकघरात कोणाचीही गरज नाही. पाण्यात एक चमचा टाकून ठेव, पाणी उकळतंय तोवर तो खडखडतो, गप्प झाला की पाणी आटलं समज. आमच्या घरी अशीच युक्ती होती.

आणि हे पोहे यजमानांनी करायचे. दर शुक्रवारी नाही जमलं तर महिन्यातून दोनदा. त्यांना वचन हवं असेल तर योहान 21 दाखव. पुनरुत्थानानंतरची ती पहाट. शिष्य रात्रभर जाळं टाकून किनाऱ्याला येतात, तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. कोणी केलं हे सगळं? मरणाला जिंकून आलेल्या प्रभूनं. आणि त्याचं आमंत्रणही किती साधं: या, न्याहारी करा. हातांना खिळ्यांच्या खुणा असताना त्याला विस्तवाशी बसायला कमीपणा वाटला नाही, तर शाळेच्या ऑफिसातल्या माणसाला पोहे धुवायला काय हरकत आहे? (हे असंच्या असं त्यांना ऐकवू नकोस. माझी जीभ जरा तिखट आहे, तुझ्या घरात ती नको.)

चहा सभेनंतर. पुरुष मंडळींपैकी दोघांनी करावा, आणि ज्यानं त्यानं आपला पेला विसळून पालथा घालावा. पहिल्या शुक्रवारी अवघड वाटेल. तिसऱ्या शुक्रवारी माणसं तुझ्या मोरीशी रांगेत उभी राहून गप्पा मारतील.

इथे मला तुलाही एक बोलायला हवं. शेवटची ओळ तू घाईत लिहिलीस, पण लिहिलीस हे चांगलं केलंस. कोणी ओट्यापाशी आलेलं तुला चालत नाही. का गं? ‘पोहे खावेत तर वहिनींच्या हातचे’ हे 5 वर्षं ऐकलंय म्हणून? असेलही, आणि त्यात पाप नाही. ज्या घरात दुसऱ्या कुठल्या गोष्टीसाठी शाबासकी मिळत नाही तिथे माणूस पोह्यांची जपून ठेवतं. पण मग झारा सोडावा लागेल. त्यांनी केलेल्या पोह्यांचा गोळा झाला तर तो मुकाट खायचा, आणि ‘बघू, सरका’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

इफिसकरांस पत्राचं सांगते. त्यांनी 5व्या अध्यायाचं 22वं वचन वाचलं. तू त्यांना 21वं वाच म्हण. ते सगळ्यांनाच सांगतं की ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. काही फार जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर 22व्या वचनात ‘अधीन असा’ हे क्रियापदच नाही. ते वरच्या वचनातून खाली घ्यावं लागतं. म्हणजे बायकोचं अधीन असणं त्या ‘एकमेकां’तूनच निघतं. त्यापुढे बायकांना तीन वचनं आहेत. नवऱ्यांना 25पासून पार अध्यायाच्या शेवटापर्यंत, आणि मागणं काय, तर ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करा. अंगठ्यानं चहाची खूण करणं त्यात कुठे बसतं ते त्यांनीच शोधावं.

हे सगळं तू स्वतः वाच, माझ्यावर विसंबून राहू नकोस. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 साली जग सोडेपर्यंत बायबल साध्या मराठीत आणत बसल्या, ते साध्यासुध्या बायकांना आपलं आपण वाचता यावं म्हणून. नवऱ्यानं एक वचन काढून दाखवायचं आणि आपण मान हलवायची, यासाठी त्यांनी डोळे शिणवले नव्हते.

वधस्तंभ म्हणून उचलू का, असं विचारलंस. माझ्या समजुतीप्रमाणे वधस्तंभ माणूस स्वतः होऊन उचलतो. दुसऱ्यानं आपल्या सोयीसाठी हातात दिलेला असतो तो झारा. मुलगा आजारी असताना तू रात्र रात्र जागलीस, सासूबाईंचं केलंस, त्याला काय म्हणायचं ते म्हण. 25 कपांना एवढं मोठं नाव देऊ नकोस.

दशांशाबद्दल फार लिहीत नाही. द्यायला माझा विरोध नाही, आम्हीही देत आलो. पण मार्काच्या 7व्या अध्यायात प्रभूनं ‘कुर्बान’ म्हणणाऱ्यांना झापलंय ते बघ. आईबापांना द्यायचं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणून मोकळं व्हायचं, ही तेव्हाचीही रीत होती. मुलीचा हप्ता हेही देणंच आहे. पगाराच्या दिवशी दोघांनी एकच वही घेऊन बसा. दशांश, हप्ता, किराणा, गॅस, सगळं एका पानावर, आणि तुझे शिवणाचे पैसेही त्याच पानावर लिही. ते आजवर कुठे लिहिलेलेच नाहीत, म्हणून त्यांना वाटतं सगळं भागतंय. एक सावधगिरी: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल एक फार कडक वचन आहे. ते वापरू नकोस. मी एकदा वापरलं होतं. तीन दिवस आमच्याकडे नुसती भांडी बोलत होती.

पाळकसाहेबांकडे आत्ता नको. मत्तय 18:15 मध्ये क्रम दिलाय: आधी दोघांतच, एकांतात. तेव्हा शुक्रवार सोडून एखादा दिवस धर, सोमवार बरा. मुलं झोपल्यावर, किंवा दोघं पायी निघा. चालताना माणूस खाली मान घालून ऐकतो तरी. बोलायला सुरुवात पोह्यांपासून नको, त्या गीतापासून कर. “आई पीठ मळताना म्हणायची ते गाणं तुम्ही म्हणत होतात, आणि मला आत यायचं होतं,” एवढंच म्हण आणि थांब. मला वाटतं त्यांना हे माहीतच नाही. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस आहे तो, देवाचं ऋण फेडायची त्याला घाई झालीय, आणि त्या घाईत घरातलं माणूस दिसेनासं झालं. ऐकलं नाहीच, तर पाळकीणबाईंना एकदा चहाला बोलाव, दोघांसमोर बोल. पाळकसाहेब त्यानंतर. आणि अबोला धरू नकोस. तुमच्या घरात आधीच एकीचं बोलणं बंद आहे: तुझं, रात्री देवाशी.

त्या रात्रीच्या प्रार्थनेची जबरदस्ती करू नकोस. स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र काढ. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असंच सुरू होतं ते. सहा वचनांचं आहे. पहिली दोनच वाचून झोपलीस तरी चालेल.

येत्या शुक्रवारी पावणेसातला हात पुसायचे, ती चांगली साडी नेसायची आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचं. पहिलं गीत कोणतं घ्यायचं हे विचारतात ना, तेव्हा तू सांग, आईचं. मधे चमचा गप्प झाला तरी उठू नकोस, ते उठतील. मीठ कमी पडलं असेल तर जिरावन आहेच.

तुझी,
मावशी