शिडाच्या नौकेचे इंजिन काळा धूर का टाकते?

प्रश्न : आम्हा तिघा मित्रांची मिळून एक जुनी, ३० फुटी शिडाची नौका आहे. ऑक्टोबरमध्ये ती पाण्यात सोडली, तेव्हापासून मुंबई बंदरात नांगरून असते. वारा पडला की उपयोगी पडावे म्हणून तीत तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. सकाळी सुरू केल्यावर पाचेक मिनिटे पांढरा धूर येतो आणि जातो. परंतु फेब्रुवारीपासून मांडव्याला जाताना इंजिन काळा धूर टाकते आणि पूर्वी सहज ३,००० आरपीएम घेणारे ते आता २,३०० च्या वर जात नाही. मेस्त्री हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवायला सांगतात. उतरवावे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : इतक्यात उतरवू नये. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल; सिलिंडरमध्ये आलेल्या हवेला जेवढे जाळता येईल त्याहून अधिक इंधन तेथे पडत आहे. इंजिनावर भार वाढला की गव्हर्नर (वेग सांभाळणारी यंत्रणा) वेग टिकवण्यासाठी डिझेल वाढवत जातो आणि हवा मात्र तेवढीच राहते. म्हणून नांगरावर असतानाच, इंजिन गरम झाल्यावर, गिअर न टाकता काही क्षण थ्रॉटल वाढवून पाहावे. तेव्हा वेग पूर्ण मिळून धूर स्वच्छ राहिला आणि गिअर टाकताच काळवंडला, तर संशय प्रथम नौका ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यावर घ्यावा.

तळाला बार्नेकल (चिकटून बसणारे कवचधारी समुद्री जीव) न धरणारा रंग दिलेला असतो, पंख्याचे पितळ मात्र बहुधा उघडेच राहते. आपण शिडावर जात असल्याने पंखा महिनोन्महिने जवळजवळ स्थिर असणार आणि त्याच्या पात्यांवर दोन-तीन मिलिमीटरचा खरखरीत थर बसला तरी पाण्याची पकड जाते. कोळी बांधव उधाणाला होडी किनाऱ्यावर चढवून ओहोटीत तळ खरवडतात, पण खोल कील (तळाखालचा उभा कणा) असलेली आपली नौका आधाराशिवाय लवंडेल. भरती-ओहोटीच्या मधल्या, ओढ नसलेल्या वेळात पाणबुड्याकडून पंखा खरवडून घ्यावा; मुंबईच्या गढूळ पाण्यात त्याला हातानेच चाचपडावे लागते, तेव्हा जाड हातमोजे हवेत आणि इंजिनाची किल्ली वर थांबणाऱ्याच्या खिशात हवी.

पंखा स्वच्छ करूनही धूर राहिला, तर समुद्राचे पाणी जेथे गरम धुरात मिसळते तो एक्झॉस्टचा एल्बो (धुराच्या नळीचे वाकण) काढून आत बोट घालून पाहावे. तेथे काजळी आणि मीठ मिळून दगडासारखे कवच धरते, अंगठा जाईल एवढी वाट पेन्सिलीएवढी उरते आणि धूर बाहेर पडू न शकल्याने ताजी हवाही आत येत नाही. एअर फिल्टरही त्याच वेळी पाहून घ्यावा.

सकाळच्या पांढऱ्या धुराबद्दल आपण निश्चिंत आहात, ते बहुतांशी योग्यच आहे. थंड सिलिंडरमध्ये काही डिझेल न जळता बाहेर पडते. तो धूर पाण्यावर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो आणि मागे इंद्रधनुषी तवंग सोडतो. पांढरीच दिसणारी वाफ मात्र हातभर अंतरावर विरते. इंजिन तापल्यावरही वाफ दाट येत असेल आणि धुरासोबत पडणारे पाणी कमी झाले असेल, तर समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचे चाक) तपासावा. त्याचे एखादे पाते तुटलेले आढळल्यास तुकडाही शोधून काढावा, कारण तो पुढे जाऊन पाण्याची वाट अडवतो. कूलंटची पातळी वारंवार खाली जात असेल किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसत असेल, तर मात्र हेड उतरवून त्याखालचे गॅस्केट (सांधा घट्ट ठेवणारी चकती) पाहण्याचा मेस्त्रींचा सल्ला मानावा. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

या तपासण्यांत इंजिन सुरू होईना, तर स्टार्टर मारत राहण्याआधी समुद्राच्या पाण्याची तोटी बंद करावी आणि इंजिन सुरू होताच लगेच उघडावी. स्टार्टरने नुसत्या फिरणाऱ्या इंजिनाचा पंपही पाणी ओढतच असतो, ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, आणि साठत साठत ते एक्झॉस्टमधून उलटे सिलिंडरमध्ये शिरते.