रात्री घशाशी येणारं पित्त: आधी जेवणाची वेळ बघा, चूर्ण नंतर

तुमचं दुखणं मला समजलं ते असं. पंचेचाळिशी ओलांडलेली, साताऱ्यात कापडाचं दुकान, शटर साडेनऊला खाली येतं, जेवायला साडेदहा होतात. पाठ टेकली की तासाभरात छातीत जळजळ, कधी आंबट पाणी थेट घशात. बीपीची गोळी चालू आहे. रोज इनो पिताय आणि आता "गोळ्या नकोत, घरगुती काय ते सांगा" म्हणताय. इथं लोकांनी तुम्हाला ओवा, ज्येष्ठमध, पुदिना, गार दूध, सकाळचं लिंबूपाणी असं बरंच सांगून ठेवलंय. त्यातलं निम्मं तुमच्यासाठी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी डॉक्टर नाही. सांगलीत बरीच वर्षं औषधाचं दुकान चालवलं. रात्री नऊनंतर पित्ताच्या गोळ्या मागायला येणारं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं: व्यापारी, खानावळवाले, गळीत हंगामात कारखान्यावर पाळी करणारे. सगळे उशिरा जेवणारे.

अन्ननलिका पोटाला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. पोटात आम्ल असायलाच हवं, त्याशिवाय पचणार कसं? ते वर आलं की जळजळ होते, कारण अन्ननलिकेचं आतलं अस्तर पोटासारखं आम्ल सोसणारं नाही. साधं जेवण पोटातून पुढं सरकायला दोन ते चार तास लागतात, रश्श्यावर तेलाचा तवंग असेल तर त्याहून जास्त. तुम्ही पोट पूर्ण भरलेलं असताना आडवे होताय. अशा वेळी वरून कुठलंही चूर्ण टाकलं तरी तेही त्याच गर्दीत जाऊन बसणार.

म्हणून पहिला उपाय जेवणाच्या वेळेचा. जेवण आणि झोप यात तीन तास हवेत. दुकान लवकर बंद करा असं मी सांगणार नाही, लग्नसराईत ते कुणाला जमलंय? घरून डबा मागवा. साडेसात-आठला गिऱ्हाईक जरा ओसरलं की भाकरी-भाजी दुकानातच खाऊन घ्या. घरी गेल्यावर फारच भूक वाटली तर वाटीभर मऊ भात आणि मुगाचं वरण, बस्स. वहिनींना वाईट वाटेल, कारण सगळ्यांनी मिळून बसायचं तेवढं एकच जेवण असतं. मग ते सकाळी दुकानात जाण्याआधी करा. आणि संध्याकाळी चहाबरोबर भडंग खात असाल तर खुशाल खा, पण वरचा कच्चा कांदा काढून. कच्च्या कांद्यानं भल्याभल्यांची छाती जळते.

दुसरा उपाय खाटेचा. उशीवर उशी ठेवून काही होत नाही, उलट मान आणि कंबर वाकून पोट दाबलं जातं. खाटेचे डोक्याकडचे दोन पाय सहा ते आठ इंच उचलायचे. सुताराकडून लाकडाचे ठोकळे करून घ्या, ते विटांपेक्षा पक्के बसतात. बॉक्सचा पलंग असेल तर कमरेपासून वर उतरता आधार देणारी फोमची पाचर मिळते. झोपायचं डाव्या कुशीवर. त्या कुशीवर पोटातला ऐवज अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो, उजव्या कुशीवर नेमकं उलटं होतं. लुंगीची किंवा पायजम्याची नाडी सैल ठेवा. ढेरी असेल तर थोडं वजन उतरल्यावर फरक पडतो, पण त्यासाठी जेवल्या जेवल्या पोटाचे व्यायाम किंवा कपालभाती करू नका. शतपावली पुरे.

आता ओवा-पुदिन्याकडं येतो. इथं एक घोळ नेहमी होतो. पोट डब्ब होणं, तडस लागणं, करपट ढेकर येणं हे अपचन. छातीत जळणं आणि आंबट पाणी वर येणं हे वेगळं. दोन्हीला आपण "पित्त झालं" म्हणतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला देतो. पुदिना स्नायू सैल करतो. त्यामुळं पोटात मुरडा असेल त्याला बरं वाटतं, पण तुमचं ते कडंही त्यानं सैल पडतं. तुम्हाला पुदिना नको. चिमूटभर ओवा जड जेवणानंतर गॅसवाल्याला ठीक, जळजळवाल्याला तो बहुधा सोसत नाही. तुम्ही बडीशेप घ्या आणि सावकाश चघळा. चघळल्यानं लाळ सुटते, लाळेत आम्ल मारणारा गुण असतो आणि ती गिळताना वर आलेलं आम्ल खाली धुतलं जातं. जिऱ्याचं पाणी, पातळ ताक हे दुपारच्या जेवणाबरोबर. रात्रीचं आंबट ताक नको.

ज्येष्ठमध मात्र तुम्ही घेऊ नका. त्यानं बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. झाडाची मुळी आहे म्हणून निर्धोक, असं नसतं. रोजचं इनोही थांबवा. त्यात खायचा सोडा आहे, म्हणजे पोटात सोडियम जातं आणि बीपीवाल्यानं तेच कमी करायचं असतं. शिवाय सोड्याचा गॅस होऊन ढेकर येतो आणि ढेकराबरोबर पुन्हा आंबट पाणी. कधीतरी लग्नाच्या पंगतीनंतर घेतलं तर गोष्ट वेगळी.

गार दुधानं पंधरा-वीस मिनिटं थंड वाटतं. नंतर त्याच दुधानं पोट नवं आम्ल सोडतं, आणि आपल्याकडचं म्हशीचं दूध साईमुळं पोटात रेंगाळतं. झोपताना पेलाभर दूध ही सवय मोडा. उपाशीपोटी लिंबूपाणीही तुम्हाला नको.

तंबाखू, मिश्री चालू असेल तर वरचं सगळं अर्धंच लागू पडेल. तंबाखूनं कडं सैल होतं. एकादशीचंही सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात हमखास गर्दी व्हायची: दिवसभर चहावर चहा, मग तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. उपवास धरायचाच तर केळं, राजगिऱ्याच्या लाह्या, भगर थोडी थोडी खा.

तिखटाला मी तेवढा दोष देत नाही. ज्याला कांदा-लसूण चटणी सोसते त्यानं ती सोडायचं कारण नाही, तेल कमी करावं. पोटातला अल्सर तिखटानं होतो हे तर जुनंच मत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की बरेचसे अल्सर एका जंतूमुळं होतात, आणि त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण म्हणजे गुडघे-कंबरेसाठी मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. त्या घेत असाल तर आधी तिकडं बघा.

पित्ताच्या गोळीला एवढं भिऊही नका. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी डॉक्टरनं दिली तर ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची आणि ठरवून दिलेले आठवडेच. वाईट आहे ते वर्षानुवर्षं मनानं पट्टी नेत राहणं. त्यानं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि अचानक सोडली की काही दिवस आम्ल उसळून येतं, म्हणून माणूस परत तिच्याकडं वळतो.

घरगुती उपायांवर दोन-तीन आठवडे द्या. पण गिळताना घास अडकत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरत असेल तर एक दिवसही थांबू नका. साताऱ्यात, कराडात, नाहीतर मिरजेला पोटाच्या डॉक्टरकडं जा. छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं जबड्याकडं किंवा हाताकडं गेलं, जिना चढताना जळजळ वाढली तर ते पित्त समजू नका, १०८ ला फोन करा. तुमचं वय आणि बीपी बघता हे मुद्दाम लिहितोय.

राहता राहिली ती बीपीची गोळी. नाव लिहिलं नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन असेल तर त्या जातीच्या गोळ्यांनीही हे कडं थोडं सैल पडू शकतं. म्हणून ती स्वतःहून बंद करायची नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला, दुसरी बसते का ते तेच बघतील.