चाळीस टनांचा ट्रक?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर गायमुखजवळ ट्रक उलटून वाहतूक खोळंबल्याची बातमी वाचनात आली. बातमीत ‘40 टनांचा ट्रक’ असा उल्लेख होता. छायाचित्रात मात्र साधा दहाचाकी ट्रक दिसत होता. अशा ट्रकवर एवढा भार असू शकतो का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : कायद्याने असू शकत नाही. दहाचाकी म्हणजे तीन आसांची गाडी. पुढे दोन चाके, मागच्या दोन आसांवर मिळून आठ. अशा गाडीचे मालासह एकूण वजन पूर्वी 25 टनांपर्यंत चालत असे. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा 28.5 टन केली. त्यातले 9 ते 10 टन गाडीचे स्वतःचेच असल्याने मालाला उरतात जेमतेम 18-19 टन.

बातमीतले 40 टन नेमके कशाचे, हा खरा प्रश्न आहे. कळंबोलीच्या पोलाद बाजारात गाडी वजनकाट्यावर चढली की मिळणाऱ्या पावतीवर तीन आकडे असतात : ग्रॉस म्हणजे गाडी आणि माल मिळून, टेअर म्हणजे रिकामी गाडी, आणि नेट म्हणजे नुसता माल. बातमीत यांपैकी एकच आकडा येतो आणि तो कोणता हे बहुधा लिहिलेले नसते. आपण वाचलेला आकडा ग्रॉस असेल तर गाडीवर साडेअकरा टन जादा भार होता. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी 20 हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2 हजार रुपये दंड आहे. तो नेट असेल तर एकूण वजन 50 टनांच्या घरात जाते. दोहोंपैकी काहीही खरे असले, तरी मथळा वाहतूककोंडीचा नव्हे, जादा भाराचा व्हायला हवा होता. तिसरीही एक शक्यता आहे. उलटलेली गाडी उचलायला आणलेली क्रेन 40 टनी असेल, तर घाईत तिचाच आकडा ट्रकला चिकटू शकतो.

टँकरच्या बातम्यांत लिटर आणि टन यांची अशीच सरमिसळ होते. 20 हजार लिटर पाणी 20 टन भरते; तेवढेच डिझेल मात्र 17 टनांच्या आतच राहते. उरणकडच्या बातम्यांत ‘कंटेनर उलटला’ एवढेच असते. पेटी भरलेली होती की रिकामी, हे कळत नाही. चाळीस फुटी रिकामी पेटी चार टनांहून हलकी असते, तर भरलेली 30 टनांपर्यंत जाऊ शकते.

या साऱ्यात रेतीची बातमी मात्र नकळत बरेच सांगून जाते. तिथे टनांऐवजी ब्रास लिहितात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि तेवढी रेती साधारण साडेचार टन भरते. ओली असेल तर आणखी जड. त्यामुळे ‘दहाचाकीतून पाच ब्रास रेती जप्त’ या वाक्यात वजनाचा शब्दही नसला, तरी साडेबावीस टन माल आणि वर गाडीचे वजन धरून ती मर्यादेबाहेर गेली होती, हे आपल्याला घरबसल्या ताडता येते.